मनीप्लांटने घरातली हवा शुद्ध होते का?

"घरात मनीप्लांट, स्नेक प्लांट ठेवा, हवा शुद्ध होते, प्युरिफायर नको" हा फॉरवर्ड कित्येक वर्षं फिरतोय. अगदीच हवेतली गोष्ट नाही हां, १९८९ च्या एका प्रयोगात झाडांनी काही रसायनं खरंच कमी केली होती, पण ती छोट्या हवाबंद पेटीत आणि आपल्याकडे दारं-खिडक्यांतून हवा सतत बदलत असते, त्यापुढे चार कुंड्यांचं काम नगण्यच. तेवढा फरक पाडायला दर चौरस मीटरला किमान १० झाडं लागतील, म्हणजे सोफा बाहेर! घरीच बघा ना, मिरचीच्या फोडणीचा ठसका कुंड्यांच्या भरवशावर लवकर जातो की खिडकी उघडून? शोभेला मात्र मनीप्लांट मस्त, जुन्या काचेच्या बाटलीत फांदी लावली की फुकटात कोपरा सजतो, फक्त आठवड्याला पाणी बदला, नाहीतर डास होतात.