नैसर्गिक अर्धसंवाहक स्फटिक : तापमान व तापविद्युत गुणधर्म

गॅलेना (शिशाचे सल्फाइड), पायराइट (लोहाचे डायसल्फाइड) आणि मॅग्नेटाइट ही निसर्गात तयार मिळणारी अर्धसंवाहक (धातूपेक्षा कमी, पण विद्युतरोधकापेक्षा जास्त वीज वाहणारी) खनिजे होत. अशा स्फटिकाच्या दोन टोकांचे तापमान वेगळे असले की त्यांच्यात विद्युत दाब (व्होल्टेज) निर्माण होतो. दर अंशामागील दाबाला सीबेक गुणांक म्हणतात. या शोधाचे श्रेय सहसा जर्मन भौतिकशास्त्रज्ञ सीबेक यांच्या १८२१ मधील प्रयोगांना देतात, पण तापलेल्या लोखंडी तारेने बेडकाचा पाय आखडतो हे इटालियन शास्त्रज्ञ व्होल्टा यांनी बहुधा १७९४ च्या सुमारास नोंदले होते. सीबेक यांना हा परिणाम चुंबकीय वाटे. त्याचे विद्युत स्वरूप डॅनिश शास्त्रज्ञ अर्स्टेड यांनी ओळखले.

तापमान वाढताना अशुद्धीयुक्त स्फटिकाचा गुणांक आधी वाढतो. पुढे इलेक्ट्रॉन व होल (इलेक्ट्रॉनच्या रिकाम्या जागा, ज्या धन प्रभारासारख्या वागतात) दोन्ही मुबलक झाले की ते एकमेकांचा परिणाम खोडतात, गुणांक घसरतो आणि संवाहकता मात्र वाढते. ही घसरण कोणत्या तापमानाला सुरू होते ते अशुद्धीवर ठरते. स्फटिकाचा प्रकारही अशुद्धीच ठरवते : गॅलेनात चांदी पी-प्रकार (होल जास्त, गुणांक धन) घडवते, तर बिस्मथ व अँटिमनी एन-प्रकार (इलेक्ट्रॉन जास्त, गुणांक ऋण).

पायराइटच्या गुणांकाचे चिन्ह त्याच्या निर्मितीच्या तापमानाची खूण आहे काय, यावर मतभेद आहेत. उष्ण द्रवातून बनलेले एन-प्रकारचे, तुलनेने थंड द्रवातले पी-प्रकारचे, असा एक मतप्रवाह आहे. परंतु आर्सेनिकमुळे पी-प्रकार आणि कोबाल्ट-निकेलमुळे एन-प्रकार संभवतो. एकाच स्फटिकाच्या वेगवेगळ्या पट्ट्यांतही चिन्ह पालटलेले आढळते. त्यामुळे रासायनिक घटकांना प्राधान्य देणारे मत अधिक सयुक्तिक दिसते.

पारसिक डोंगर आणि तुर्भ्याच्या खाणींतील बेसाल्टात टायटॅनियमयुक्त मॅग्नेटाइटचे बारीक कण असतात. बेसाल्टाच्या पोकळ्यांतील झिओलाइट खनिजे विद्युतरोधक असल्याने येथे विचारात घेतलेली नाहीत. शुद्ध मॅग्नेटाइटचा गुणांक सामान्य तापमानाला सुमारे उणे ५० मायक्रोव्होल्ट असतो आणि सुमारे १२० केल्व्हिनखाली त्याची संवाहकता एकदम कोसळते. गॅलेनाचे नमुने ठाण्यातील प्रयोगशाळांत राजस्थानातील झावरसारख्या खाणींतून आणवता येतात. सोल्डरिंग आयर्नचे तापलेले टोक स्फटिकाला टेकवून दुसऱ्या टोकाशी मल्टिमीटरने मोजल्यास प्रकार चटकन कळतो : एन-प्रकारात तापलेली बाजू धन होते. गुणांक ३०० मायक्रोव्होल्ट धरल्यास ५० अंशांच्या फरकाला १५ मिलिव्होल्ट येतात. पावसाळी दमट हवेत स्फटिकावर ओलाव्याचा थर बसून मोजमापात रासायनिक क्रियेतून आलेला विद्युत दाब मिसळतो, म्हणून नमुना आधी पूर्ण वाळवावा लागतो.