मोटारीच्या अंतर्भागाची वास-चाचणी

मोटारीच्या केबिनमधील प्लास्टिक, फोम, रबर, कापड व गोंद यांतून सुटणारी बाष्पनशील रसायने आणि त्यांचा वास तपासण्याची पद्धत. उन्हात बंद उभ्या गाडीत ही रसायने साचतात. दार उघडताच नाकात शिरणारा ‘नव्या गाडीचा वास’ तो हाच.

जर्मन मोटार-उद्योग संघटनेच्या ‘व्हीडीए २७०’ या रूढ पद्धतीत मोजमाप नाकानेच होते. १ लिटरच्या काचेच्या बरणीत क्लिपसारख्या लहान भागांचा १० ग्रॅम, हातटेकीसारख्या मध्यम भागांचा २० ग्रॅम किंवा फोम-गालिच्याचा ५० घनसेंमी. नमुना ठेवतात. बरणी ५० मिलि. पाण्यासह २३ किंवा ४० अंश से.वर २४ तास, नाहीतर कोरडीच ८० अंशांवर २ तास ठेवतात. ८० अंशांची बरणी ६० पर्यंत निवू देतात. मग किमान तिघे परीक्षक झाकण जरासे किलकिले करून हुंगतात आणि १ (वास नाही) ते ६ (असह्य) अशी श्रेणी देतात. अर्धी श्रेणीही चालते. आधीच्या नमुन्याचा दर्प धरून बसलेली बरणी किंवा परीक्षकाच्या हाताचा सुगंधी साबण एवढ्यानेही निकाल बिघडतो. म्हणून रिकामी बरणी आधी हुंगून पाहावी. नमुना पॉलिथीनमध्ये नव्हे, अ‍ॅल्युमिनियमच्या पन्नीत आणावा.

श्रेणीवरून दोषी रसायन कळत नाही. त्यासाठी ‘व्हीडीए २७८’मध्ये सुमारे ३० मिलिग्रॅम नमुना ९० अंशांवर अर्धा तास, मग १२० अंशांवर १ तास तापवून निघालेली वाफ गॅस क्रोमॅटोग्राफ (लांब नळीसारख्या स्तंभातून नेऊन मिश्रणातली रसायने सुटी करणारे यंत्र) व मास स्पेक्ट्रोमीटर (ती ओळखणारे यंत्र) यांनी तपासतात; प्रत्येक रसायन आलेखावर एका शिखराच्या रूपात उमटते. फॉर्माल्डिहाइडची चाचणी वेगळी असते.

नवखे इथेच फसतात: आलेखावरचे सर्वांत उंच शिखर म्हणजेच वासाचे मूळ, असे ते धरून चालतात. प्रत्यक्षात उंच शिखरे बहुधा जवळजवळ बिनवासाच्या हायड्रोकार्बनांची असतात, तर अळंबीसारखा वास देणाऱ्या १-ऑक्टेन-३-ओनचे शिखर दिसतही नाही. म्हणून स्तंभातून येणारा वायू दोन वाटांनी नेतात, एक यंत्राकडे, दुसरी हुंगण्यासाठीच्या काचेच्या तोटीतून परीक्षकाकडे. नाक कोरडे पडू नये म्हणून त्यात दमट हवा मिसळतात. परीक्षक क्षणाक्षणाला ‘खवट’, ‘करपट’, ‘कुबट’ अशी नोंद करतो. खवट वास बहुधा ऑक्सिडीकरण झालेल्या पॉलिप्रोपिलीनमधल्या अल्डिहाइडांचा, मासळीसारखा पॉलियुरेथेन फोममधल्या अमाइन उत्प्रेरकाचा. फोमच्या रेणूजालातच बांधला जाणारा उत्प्रेरक वापरला की हा मासळीसारखा वास कमी होतो; पण ताजा फोम निवण्याआधीच पिशवीत बांधला, तर कोंडलेला वास गाडीपर्यंत पोचतो.