दुर्बीण नक्की कोणाच्या हातात होती?

परवा भाचीचा इंग्रजीचा अभ्यास घेत होते, परळला आमच्या चाळीच्या गॅलरीत बसून, आणि वाक्य आलं 'आय सॉ द मॅन विथ द टेलिस्कोप'. ती लगेच म्हणाली, मावशी सोप्पंय, मी दुर्बिणीतून माणूस पाहिला. म्हटलं, आणि दुर्बीण त्या माणसाच्याच हातात असली तर? मग बराच वेळ वहीकडे बघत बसली.

सगळी गोम त्या 'विथ'मध्ये आहे. 'विथ द टेलिस्कोप' हा तुकडा 'सॉ'ला जोडला की दुर्बीण माझी, 'मॅन'ला जोडला की त्याची, शब्द तेच आणि क्रमही तोच. मराठीत इथे घोळ होत नाही, 'दुर्बिणीतून' म्हटलं की प्रत्ययच सांगून टाकतो. पण आपल्याकडेही जागा आहेतच की! 'मी त्याला दादरला गाडीतून उतरताना पाहिलं'. कोण उतरत होतं, मी की तो?

आता समजा माटुंगा रोड स्टेशनवर कोणी पाटी लावली, 'ऑल ट्रेन्स डू नॉट स्टॉप हिअर'. व्याकरणाने याचा अर्थ 'सगळ्याच गाड्या थांबतात असं नाही' असा होतो, तसा 'एकही गाडी थांबत नाही' असाही होतो, पण तिथे फास्ट लोकल थांबत नाही, स्लो थांबते हे आपल्याला माहितीय म्हणून तो दुसरा अर्थ मनात येतच नाही. मला सगळ्यात भारी हेच वाटतं, की निवड आपण करतो, आणि केली हे कळतही नाही.

कॉम्प्युटरचं घोडं इथेच अडलं. १९६० साली, मशीनकडून भाषांतर करून घेता येईल का याचा अभ्यास करणाऱ्या येहोशुआ बार-हिलेल यांनी एक साधं वाक्य दिलं, 'द बॉक्स वॉज इन द पेन'. एक मुलगा खेळण्यांचा खोका शोधतोय आणि तो 'पेन'मध्ये सापडतो, म्हणजे बाळांना खेळायला ठेवतात त्या छोट्या कुंपणात. लिहायच्या पेनात खोका मावणार नाही हे आपल्याला कोणी शिकवावं लागत नाही, मशीनला ते कुठून कळणार, असा त्यांचा मुद्दा.

कॉम्प्युटरला माणसाची भाषा समजावी म्हणून काम करणाऱ्या टेरी विनोग्राड यांचं १९७२ चं उदाहरण तर मराठीतही जसंच्या तसं चालतं. नगरसेवकांनी आंदोलकांना परवानगी नाकारली, कारण त्यांना हिंसाचाराची भीती होती. इथे 'त्यांना' म्हणजे नगरसेवकांना. आता शेवट बदला, 'कारण त्यांना हिंसाचार हवा होता', की तोच 'त्यांना' उडी मारून आंदोलकांकडे जातो! आझाद मैदानावरचे मोर्चे बघितलेल्या माणसाला यात क्षणभरही अडखळायला होत नाही, व्याकरण मात्र दोन्हीकडे सारखंच आहे.

काल भाची स्वतःच एक घेऊन आली, 'आजीचा फोटो'. आजीने काढलेला, आजी ज्यात दिसते तो, की आजीच्या कपाटात असतो तो? तिसरा अर्थ मला सुचलाच नव्हता.