‘आउट’ शेपटीला कसा गेला

‘तो धावत घराबाहेर आला’ या वाक्याचं इंग्रजी करायला सांगा. मराठी माध्यमातली मुलं बहुतेक वेळा ‘ही केम आउट ऑफ द हाउस रनिंग’ असं लिहितात. व्याकरणात बसतं, पण इंग्रज माणूस ‘ही रॅन आउट ऑफ द हाउस’ म्हणून मोकळा होतो. मराठीत निघणे, शिरणे, येणे या क्रियापदांच्या पोटातच दिशा असते, आणि गेला कसा, हे ‘धावत’, ‘रांगत’, ‘लंगडत’ असं बाजूला सांगावं लागतं. इंग्रजीत नेमकं उलट. चाल क्रियापदात आणि दिशा शेपटीला. लिओनार्ड टाल्मी या अमेरिकी भाषावैज्ञानिकाने १९८५ मध्ये जगातल्या भाषांची याच निकषावर विभागणी मांडली. गुहेतून तरंगत बाहेर येणारी बाटली हे त्याचं गाजलेलं उदाहरण. इंग्रजीत बाटली ‘फ्लोटेड आउट’ करते, तर स्पॅनिशमध्ये ती ‘तरंगत बाहेर पडते’. मराठीचा कल कुठे, हे सांगायलाच नको.

ही शेपटी मुळात शेपटी नव्हती. हजारेक वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत तिचं रूप होतं ‘ऊट’ (वाळवंटातला नव्हे), आणि ते क्रियापदाच्या पुढेही यायचं, मागेही. ‘बाहेर जाणे’ म्हणजे ‘ऊटगान’. वाक्यात मात्र ‘तो ऊट गेला’ आणि ‘तो गेला ऊट’ अशा दोन्ही रचना सर्रास. जर्मन शिकलेल्यांना हे ओळखीचं वाटेल. ‘आउसगेहेन’ हे क्रियापद शब्दकोशात एकसंध असतं, पण साध्या वाक्यात त्याचा ‘आउस’ सुटून थेट शेवटी जाऊन बसतो. जर्मनने दोन्ही जागा राखल्या, इंग्रजीने पुढची सोडली.

का सोडली? जुन्या इंग्रजीत क्रियापद बरेचदा वाक्याच्या शेवटाकडे असायचं. पुढच्या काही शतकांत ते कर्त्याच्या लगेच मागे येऊन स्थिरावलं. क्रियापद पुढे सरकलं आणि ‘आउट’, ‘अप’, ‘ऑफ’ मागेच राहिले. शिवाय क्रियापदाला चिकटलेले जुने उपसर्ग बोलताना इतके झिजले होते की त्यांचा अर्थच कुणाला जाणवेना. मग दिशा सांगायला हे सुटे, ठणठणीत उच्चाराचे शब्द कामाला आले. उत्तर आणि पूर्व इंग्लंडमध्ये वसलेल्या व्हायकिंग लोकांच्या भाषेत उपसर्ग जवळपास संपलेच होते, तिचाही हातभार लागला असं काही अभ्यासक मानतात. पीटरबरोच्या मठात ११५४ पर्यंत लिहिल्या गेलेल्या बखरीत ‘गिव्ह अप’चं जुनं रूप सापडतं, म्हणजे तोवर ही जोडी जमली होती.

पुढच्या जागेची खूण नामांत मात्र शिल्लक आहे. साथ ‘ब्रेक आउट’ होते, पण त्या घटनेला म्हणायचं ‘आउटब्रेक’. ‘कम आउट’चं नाम ‘आउटकम’. तेच दोन तुकडे, फक्त उलटे लावलेले. क्रियापदातही ‘आउट’ पुढे येतो, पण तिथे त्याचा अर्थ पालटतो. ‘आउटरन’ म्हणजे पळण्यात मागे टाकणे, ‘रन आउट’ म्हणजे संपणे. क्रिकेटमधला रन आउट तिसराच.

आता घराकडे. हा ‘आउट’ आणि आपला ‘उत्’ हे दूरचे भाऊ आहेत. दोघांचं मूळ इंडो-युरोपीय ‘उद्’ असं धरलं जातं, अर्थ ‘वर, बाहेर’. उद्गार, उद्गम, उत्पन्न यांत तो स्पष्ट दिसतो. उठणे आणि उतरणे यांत तो इतका मुरलाय की शोधावा लागतो. गंमत अशी, की हा ‘उत्’सुद्धा एके काळी सुटाच होता. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातलं ५०वं सूक्त सूर्याचं. त्याची सुरुवात ‘उदु त्यं जातवेदसं देवं वहन्ति केतवः’ अशी होते. यातला ‘उत्’ ‘वहन्ति’चा आहे, ‘वर वाहून नेतात’ असा अर्थ. पण मध्ये चार शब्द घुसलेत. पाणिनीने याची रीतसर नोंद केली आहे. ‘ते प्राग्धातोः’, म्हणजे उपसर्ग धातूच्या आधी. लगेच पुढे ‘छन्दसि परेऽपि’, वेदात नंतरही चालतो. आणि ‘व्यवहिताश्च’, मध्ये अंतर पडलं तरी चालतं. पाणिनीने वेदापुरती मोकळीक म्हणून जे नोंदवलं, तोच इंग्रजीत रोजचा शिरस्ता झाला. ‘थ्रो द ओल्ड न्यूजपेपर्स आउट’ म्हणताना ‘थ्रो’ आणि ‘आउट’ यांच्या मध्ये अख्खी रद्दी बसते.

शाळेत ‘आउट’ला सरसकट प्रिपोझिशन म्हणून मोकळे होतात, ते तितकंसं खरं नाही. ‘ही वेंट आउट’ मधला ‘आउट’ कुठल्याही नामाला धरून नाही, तो क्रियाविशेषणच आहे. नाम आलं की त्याला ‘ऑफ’ जोडावा लागतो, अपवाद अमेरिकी इंग्रजीतल्या ‘आउट द विंडो’सारख्या प्रयोगांचा.

१०६६ नंतर इंग्लंडवर नॉर्मन राज्य आलं आणि फ्रेंच-लॅटिन शब्दांचा लोंढा सुरू झाला. लॅटिनमध्ये ‘बाहेर’साठी ‘एक्स’ हा उपसर्ग, त्यातून एक्स्पेल, एक्सक्लूड, इजेक्ट आले. तेव्हापासून इंग्रजीत दोन पंगती पडल्या. दरबारात ‘एक्स्पेल’, ओसरीवर ‘थ्रो आउट’. आपल्याकडेही सरकारी कागदावर ‘निष्कासन’ होतं आणि प्रत्यक्षात हाकलून देतात. सॅम्युअल जॉन्सनने १७५५ च्या आपल्या कोशाच्या प्रस्तावनेत ‘थ्रो आउट’सारख्या जोडगोळ्यांची दखल घेतली आणि परक्यांना सगळ्यात जास्त त्रास यांचाच होतो, असं लिहून ठेवलं. ‘फ्रेझल व्हर्ब’ हे त्यांचं नाव छापून रूढ केलं लोगन पीअरसॉल स्मिथ या लेखकाने १९२५ मध्ये, पण ऑक्सफर्ड कोशाचे संपादक हेन्री ब्रॅडली यांनी ते सुचवल्याचं त्यानेच नमूद केलं आहे.

जॉन्सनने म्हटलेला त्रास खरा कुठे होतो, तर तारे ‘कम आउट’ होतात तेव्हा दिसू लागतात आणि दिवे ‘गो आउट’ होतात तेव्हा दिसेनासे होतात. कशाच्या बाहेर, आणि बघणारा कुठे उभा, यावर सगळं ठरतं. झाकलेल्यातून निघून आपल्यासमोर आलं तर दिसलं, आपल्यासमोरून निघून गेलं तर संपलं. आपली ‘लाइट जाते’, तेव्हा हाच हिशेब असतो. ‘वेअर आउट’ मध्ये तर दिशा उरतच नाही, नुसती पूर्णता उरते. तिथे मराठी दुसरं क्रियापद जोडते. चप्पल ‘झिजून जाते’, कागद ‘फाडून टाकतो’. इंग्रजीची शेपटी जे करते ते काम आपल्याकडे हे जाणे आणि टाकणे करतात. मुलांना ‘आउट’चे दहा अर्थ पाठ करायला लावण्यापेक्षा एवढं सांगितलं तर निम्मं ओझं उतरेल, असं माझं मत.

आणि ‘लॉग आउट कर’ म्हणताना आपण अख्खी इंग्रजी जोडी उचलून तिच्यामागे ‘करणे’ लावतो. दिशा इंग्रजीची, क्रियापद मराठीचं, आणि तेही शेवटी.