क्यूला कोणते तेल लावावे?

क्यूला, म्हणजे स्नूकर खेळायच्या लाकडी काठीला, ‘अधूनमधून तेल पाजावे, नाहीतर लाकूड सुकते’ हा स्नूकर क्लबातला जुना समज. तेल पाजायचे म्हणून कुणी घरचे खोबरेल चोळतो, मग क्यू ब्रिजवर, म्हणजे टेबलावर टेकवलेल्या ज्या हातावरून तो सरकतो तिथे, अडकायला लागतो. कापलेल्या लाकडाला भूक नसते. ‘लाकडाचे पोषण’ असे छापलेल्या महागड्या बाटल्यांनाही हेच लागू. तेल लावायचे ते घाम, खडू आणि मळ लाकडात शिरू नये म्हणून.

स्नूकर क्यूची शाफ्ट, म्हणजे लांब दांडा, बहुधा अ‍ॅशच्या लाकडाची असते, काहींची मेपलची. अ‍ॅशवर बाणासारख्या दिसणाऱ्या गडद रेषांत मोठी छिद्रे असतात आणि मळ तिथेच बसतो. त्यावर जाड लॅकर (वार्निशसारखा चकचकीत लेप) दिले तर घामट हाताला ते चिकटते. म्हणून शाफ्टला जवसाचे तेल.

जवसाचेच का? पाणी वाळते म्हणजे उडून जाते. जवसाचे तेल वाळताना उडून जात नाही, उलट हवेतला ऑक्सिजन घेते आणि वजनाने वाढते. त्यातले निम्म्याच्या आसपास मेदाम्ल लिनोलेनिक असते. त्याच्या साखळीत 3 दुहेरी बंध असतात. दोन दुहेरी बंधांच्या मधल्या कार्बनवरचा हायड्रोजन सैल धरलेला असतो. तो सुटला की रिकाम्या जागी ऑक्सिजन येऊन बसतो, आणि हा नवा पेरॉक्सी मूलक (जोडीदार शोधणारा अतिक्रियाशील रेणू) शेजारच्या साखळीचा हायड्रोजन ओढतो. पुढे तिथेही तेच. तयार झालेली पेरॉक्साइडे फुटतात, साखळ्या एकमेकींना जोडल्या जातात आणि द्रवाचे घट्ट जाळे होते. किती दुहेरी बंध आहेत याचे माप म्हणजे आयोडीन मूल्य: जवसाचे साधारण 170 ते 200, खोबरेलाचे 10 च्या आसपास. खोबरेल वर्षभर ठेवले तरी वाळणार नाही.

चटणीच्या जवसाचे घाण्यावर काढलेले तेल चालते, पण कच्चे असल्याने वाळायला कित्येक दिवस घेते. रंगाच्या दुकानातले ‘बॉइल्ड’ तेल लवकर वाळते. हल्ली ते नुसते उकळलेले नसते, त्यात कोबाल्ट किंवा मँगनीजची संयुगे असतात. ती पेरॉक्साइडे फोडायला मदत करतात.

आधी शाफ्ट किंचित ओलसर कापडाने पुसून पूर्ण वाळू द्या. टिप (टोकावरची चामड्याची टोपी) आणि तिच्याखालच्या पितळी कड्याला, म्हणजे फेरूलला, मास्किंग टेप लावा, कारण तेल प्यायलेल्या चामड्यावर खडू टिकत नाही. पॉलिश पेपर शक्यतो नकोच. दर वेळी घासल्याने शाफ्ट बारीक होते. सुती कापडावर 5-6 थेंब घेऊन रेषांच्या दिशेने चोळा, 15-20 मिनिटांनी सगळे कोरडे पुसा. दुसरा हात पहिला पूर्ण वाळल्यावरच, मग कोरड्या कापडाने जोरात घासून चमक आणा.

बिघडते ते बहुधा जास्त तेलामुळे. वरचा थर आधी घट्ट होऊन साय धरतो, खाली ऑक्सिजन पोचत नाही आणि क्यू चिकट राहतो. पावसाळी दमट, थंड हवेत वाळणे आणखी लांबते. आणि तेल लावले म्हणून क्यू वाकणार नाही असेही नाही. पाण्याची वाफ या थरातून जातेच, त्यामुळे क्यू भिंतीला टेकवून ठेवू नये, गाडीच्या तापलेल्या डिकीतही नको.

तेलाचे कापड मात्र चुरगाळून टाकू नका. ऑक्सिजन घेताना उष्णता निघते, बोळ्यात ती कोंडते, आणि कापड आपोआप पेट घेऊ शकते. बाहेर पसरून वाळवा, नाहीतर पाण्याने भरलेल्या पत्र्याच्या डब्यात बुडवा.