ऐतिहासिक प्रणयपटांतील वाद्यवृंदसंगीत (खानदेशसंदर्भ)

राजेरजवाड्यांच्या काळातील प्रेमकथेवर बेतलेल्या चित्रपटांसाठी रचलेले, मुख्यतः व्हायोलिन, चेलो आदी तंतुवाद्यांच्या मोठ्या ताफ्यावर उभे असलेले गीत-पार्श्वसंगीत. प्रस्तुत नोंदीत जळगाव, धुळे, नंदुरबार या जिल्ह्यांबरोबरच फारुकी (खानदेशचे सुलतान) राजवटीची राजधानी असलेले बुऱ्हाणपूरही (आता मध्य प्रदेशात) खानदेशात धरले आहे.

शैलीचे मूळ एकोणिसाव्या शतकातील युरोपीय स्वच्छंदतावादी संगीतात आहे. चित्रपटासाठी स्वतंत्र संगीत रचण्याचा पहिला मान बहुधा फ्रेंच संगीतकार सां-साँस यांना (१९०८) दिला जातो. तथापि पात्रागणिक ठरावीक सुरावट आणि प्रेमप्रसंगी उसळणारी व्हायोलिने हा साचा रुळला तो १९३० नंतर हॉलिवुडमध्ये, मॅक्स स्टाइनर व एरिख कॉर्नगोल्ड या व्हिएन्नाहून आलेल्या संगीतकारांमुळे, हे मत अधिक ग्राह्य वाटते. मुंबईत हे तंत्र आणण्याचे श्रेय एका व्यक्तीला देता येत नाही. स्वरलिपी वाचू शकणाऱ्या गोमंतकीय वादक-अरेंजरांचा (वाद्यरचनाकारांचा) त्यात मोठा वाटा होता. अँथनी गोन्साल्विस, सेबास्टियन डिसूझा ही त्यांतील ठळक नावे. ‘प्रभात’चा कुंकू (१९३७) मात्र नेमका उलट्या वाटेने गेला, संगीतकार केशवराव भोळे यांनी त्यात प्रसंगातल्या नैसर्गिक ध्वनींवरच भर दिला.

खानदेशाने या चित्रपटांना कथानके पुरवली. मुमताजमहलचा मृत्यू १६३१ मध्ये बुऱ्हाणपुरात झाला आणि आग्र्याला नेण्यापूर्वी तिचा देह सुमारे सहा महिने तापीपलीकडच्या जैनाबादेत होता. या प्रेमकथेच्या निरनिराळ्या पटरूपांना खेमचंद प्रकाश (मुमताज महल, १९४४), नौशाद (शाहजहाँ, १९४६) आणि रोशन (ताज महल, १९६३) यांनी संगीत दिले. माळव्याचा बाजबहादूर मोगलांकडून हरल्यावर खानदेशाच्या आश्रयास आला होता, एस. एन. त्रिपाठी यांच्या रानी रूपमती (१९५७) या चित्रपटामागे हाच इतिहास आहे. 

फारुकी काळातील बुऱ्हाणपूरच्या दरबारात प्रत्यक्षात कोणते संगीत ऐकू येई, हा प्रश्न चित्रपटांपेक्षा संगीतशास्त्राच्या अभ्यासकांना अधिक पडला आहे. त्याचा मुख्य आधार म्हणजे पुंडरीक विठ्ठल या कर्नाटकातून आलेल्या पंडिताचा सद्रागचंद्रोदय हा संस्कृत ग्रंथ. तो फारुकी आश्रयाखाली लिहिला गेला, यावर फारसे दुमत नाही. त्याचा काळ सर्वसाधारणपणे सोळाव्या शतकाच्या तिसऱ्या चरणात धरतात. अडचण आश्रयदात्याची आहे. ग्रंथात बुऱ्हाणखान हे नाव येते आणि फारुकी सुलतानांच्या प्रचलित वंशावळीत या नावाचा गादीवर बसलेला पुरुष आढळत नाही. कोणी तो राजघराण्यातील सरदार मानतात, तर कोणी सुलतानाचेच दुसरे नाव. पुंडरीकाने पुढे कछवाहा (राजपूत) राजांच्या आश्रयास असताना लिहिलेली रागमाला १५७६ ची आहे. सद्रागचंद्रोदय त्याआधीचा ठरतो, एवढे निश्चित म्हणता येते; आश्रयदात्याच्या ओळखीवर कालनिर्णय उभारू नये हे बरे.

या ग्रंथात एकोणीस मेल (राग ज्यांत बसवले जातात असे सात स्वरांचे साचे) सांगितले आहेत. त्यातील शुद्ध सप्तक म्हणजे दाक्षिणात्य परंपरेतील मुखारी हा मेल. आजच्या हिंदुस्थानी परिभाषेत त्याचे स्वर सा, कोमल रे, शुद्ध रे, म, प, कोमल ध, शुद्ध ध असे येतात. गांधार आणि निषाद ही नावे शुद्ध रे व शुद्ध ध यांना मिळतात. म्हणजे उत्तर-दक्षिण पद्धतींची सांगड बुऱ्हाणपुरात घातली जात होती. पडद्यावरच्या मोगल महालात यातले काहीच नाही. तेथे ठुमरी, कथक आणि गझल यांचा, म्हणजे पुष्कळ नंतरच्या लखनवी थाटाचा वावर असतो. याला कालविपर्यास म्हणता येईल, पण मुखारीवर प्रेमगीत बांधण्याची सक्ती कोणी संगीतकारावर करावी असेही नाही.

तंत्रदृष्ट्या खरी अडचण स्वरसंवादाची (हार्मनीची) होती. मुगल-ए-आज़ममधील (१९६०) प्रणयप्रसंगी बडे गुलाम अली खाँ सोहनी गातात. या रागात पंचम वर्ज्य आहे, त्यामुळे पाश्चात्त्य पद्धतीचा पंचमावरचा आधारसंघात (कॉर्ड) येथे घेताच येत नाही. अशा ठिकाणी अरेंजर बहुधा साऱ्या व्हायोलिनांना एकच सुरावट दोन सप्तकांत वाजवायला लावत, किंवा गायकीमागे ऑब्लिगाटोची एखादी समांतर ओळ सोडत. सी. रामचंद्र यांच्या अनारकलीतील (१९५३) भीमपलासीसारख्या पंचम असलेल्या रागांना हा ताफा कमी जाचतो.

खानदेशाचे या संगीताशी नाते एका अनपेक्षित बाजूनेही जुळते. अनारकली, रानी रूपमती, मुगल-ए-आज़म, ताज महल या चारही चित्रपटांत गायलेल्या लता मंगेशकर यांचे आजोळ शिरपूर तालुक्यातील थाळनेर. फारुकींची पहिली राजधानी तीच. त्यांच्या कबरी तेथे आहेत. लताबाईंच्या मातुल घराण्यात गुजराती बोलली जाई आणि आजीकडून त्यांना गरबागीते मिळाली. त्या संस्कारांचा त्यांच्या दरबारी गाण्यांवर परिणाम दाखवण्याचे प्रयत्न मात्र ओढूनताणून केलेले वाटतात.

पावरी (फुंकवाद्य), संबळ, डफ ही खानदेशातील वाद्ये किंवा कानबाई या लोकदेवतेच्या श्रावणातील गाण्यांच्या चाली या प्रणयपटांच्या वाद्यवृंदात आलेल्या नाहीत. मराठी ऐतिहासिक चित्रपटांचा कल प्रणयापेक्षा वीररसाकडे राहिल्याने तेथे पोवाड्याचा बाज अधिक. उलट दिशेने, चित्रपटांतील सुरावटी लग्नाच्या वरातीत बँडवर वाजतात; व्हायोलिनांचे काम तेथे क्लॅरिनेट आणि ट्रंपेट करतात.