पार्श्वभूमी : चार रंग आणि ‘संगणकीय सिद्धता’ या शब्दाचा घोळ

रत्नागिरी, लांजा आणि राजापूर हे तालुके एकमेकांना लागून आहेत, त्यामुळे जिल्ह्याचा नकाशा रंगवताना तेवढ्यातच तीन रंग लागतात. (नुसते एका बिंदूत टेकणारे शेजारी धरत नाहीत.) कुठल्याही सपाट नकाशाला चार रंग पुरतात का, हा प्रश्न १८५२चा. १८७९मधली सिद्धता ११ वर्षं बरोबर मानली गेली आणि मग तिच्यात भोक सापडलं. तेव्हा संगणक नव्हता, एवढं ध्यानात ठेवावं.

१९७६च्या सिद्धतेचे भाग दोन. ‘चार रंग पुरतात’ या प्रमेयाला खोटं पाडणारा सर्वांत लहान नकाशा असलाच, तर त्यात शेजारी प्रदेशांच्या ठरावीक रचनांपैकी एक तरी सापडणारच. हे हाताने दाखवलेलं. अशी कुठलीही रचना सापडली की नकाशा आणखी लहान करता येतो, म्हणजे तो सर्वांत लहान नव्हताच; असा नकाशा असूच शकत नाही. रचना १,४००हून जास्त, म्हणून हे काम यंत्राकडे, हजारावर तास. गदारोळ झाला तो यंत्रावरून: माणसाने वाचलीच नाही ती सिद्धता कसली? पुढे दुरुस्त्या निघाल्या त्या मात्र हाताने केलेल्या भागात! १९९७च्या नव्या सिद्धतेत रचना ६३३ उरल्या.

घोळ शब्दाचाही आहे. १९७६ला यंत्राने केली ती मोजणी. २००५मध्ये ‘कॉक’ या सिद्धता तपासणाऱ्या संगणक-प्रणालीत झाली ती पडताळणी: मोजणीच्या प्रोग्रामसकट अख्खा युक्तिवाद पायरी-पायरीने तपासला गेला. दोन्हींना ‘संगणकीय सिद्धता’च म्हणतात. गोळे जास्तीत जास्त दाट कसे रचावेत, या प्रश्नाच्या १९९८च्या सिद्धतेवर परीक्षकांनी ‘९९ टक्के खात्री’ असा शेरा दिला. हापूसच्या पेटीचा वरचा थर बघून केलेला सौदाच तो. तळापर्यंतची पडताळणी २०१४ला संपली.

आता ‘लीन’ या तशाच प्रणालीचा बोलबाला आहे. त्यात तपासणीचा गाभा, म्हणजे पायऱ्या तपासणारा मूळ प्रोग्राम, मुद्दाम लहान ठेवलेला असतो, म्हणजे चूक लपायला जागा कमी. फसगत होते ती व्याख्यांत: नैसर्गिक संख्यांत २ − ३ म्हणजे तिथे ०, आणि शून्याने भागलं तरी उत्तर ०. न जमलेल्या पायरीच्या जागी ‘सॉरी’ लिहिलं तर फक्त इशारा येतो, फाइल चालते. म्हणून आधी व्याख्या वाचायच्या, मग विधान, आणि शेवटी ‘प्रिंट ॲक्सिअम्स’ ही आज्ञा देऊन सिद्धता कोणत्या गृहीतकांवर उभी आहे ते पाहायचं. त्या यादीत ‘सॉरीॲक्स’ दिसलं की कुठेतरी पायरी गाळलेली आहे.